पिल्लाच्या वाटीतला मुडदूस

आजचा धागा एका वाटीविषयी आहे. त्या वाटीत रोज १७५ मिलिलिटर दूध, पोटभर पाव आणि ग्रॅम-दोन ग्रॅम मीठ असे. काळ पहिल्या महायुद्धाचा, देश इंग्लंड, आणि वाटीपुढे बसलेले नुकतेच आईपासून तुटलेले कुत्र्याचे पिल्लू. ते आवडीने खाई, त्याचे वजन वाढे, आणि काही आठवड्यांत त्याचे पुढचे पाय धनुष्यासारखे वाकत. मनगटाजवळची हाडे सुजत. बरगड्यांवर मण्यांची माळ ओवल्यासारख्या गाठी उठत.

पोट भरलेले, अंगावर मांस आलेले, आणि तरीही उभे राहता न येणारे पिल्लू. मानवी मुलांच्या एका जुन्या रोगाचे कोडे याच पिल्लाने सोडवले. त्या कोड्याची एक उपशाखा आपल्या नाशिकपर्यंत येते, आणि दुसरी आपल्या घरातल्या दूध-पोळीपर्यंत. धागा लांब आहे, सवडीने वाचावा.

त्या रोगाला आपण मुडदूस म्हणतो. वाढत्या वयात हाडांत चुना नीट भरला नाही की हाडे मऊ राहतात आणि शरीराच्या भाराने वाकतात. १६५० साली फ्रान्सिस ग्लिसन या इंग्रज वैद्याने त्यावर लॅटिनमध्ये स्वतंत्र ग्रंथच लिहिला. जर्मन लोक त्याला सरळ ‘इंग्रजांचा रोग’ म्हणत. औद्योगिक क्रांतीनंतर धुराने काळवंडलेल्या ग्लासगो, लंडन, मँचेस्टर अशा शहरांतून वाकड्या पायांची मुले गल्लोगल्ली दिसू लागली. ज्या मुलींचे कटिबंध या रोगाने आक्रसत, त्यांची बाळंतपणे पुढे जीवघेणी ठरत. म्हणजे लहानपणीचा रोग पुढच्या पिढीच्या जन्माआड येऊन उभा राही.

कारण मात्र कोणालाच ठाऊक नव्हते. कोणी कोंदट हवेला दोष देई, कोणी आनुवंशिकतेला, कोणी जंतूंना, कोणी मातांच्या अज्ञानाला. (शेवटचे कारण सांगणाऱ्यांची संख्या, नेहमीप्रमाणे, सर्वांत मोठी होती.)

आता क्षणभर फार मागे जाऊ, कारण पिल्लाला काय खाऊ घालावे हा प्रश्न प्रयोगशाळेहून पुष्कळ जुना आहे. इसवी सनापूर्वीच्या पहिल्या शतकात व्हॅरो या रोमन ग्रंथकाराने शेतीवर पुस्तक लिहिले. मेंढपाळाच्या कुत्र्याला जवाची भाकर द्यावी, पण दुधात भिजवून, असे तो सांगतो. शिवाय हाडांचे कढण आणि फोडलेली हाडेही द्यावीत, त्यांनी दात बळकट होतात. मेलेल्या मेंढीचे मांस मात्र देऊ नये. त्याची चटक लागली तर राखणदारच कळपावर उलटेल, अशी त्याला धास्ती होती.

शतकभराने कोलुमेला हा दुसरा रोमन लेखक आणखी तपशिलात शिरतो. जवाचे पीठ आणि चीज करताना उरणारी निवळी हे त्याच्या मते कुत्र्याचे उत्तम अन्न. कुरणे नसतील, दूधदुभते नसेल, तर खपली गव्हाची भाकर कडधान्याच्या कोमट कढणात कालवून द्यावी. कढण गरम नको, कारण गरम अन्नाने कुत्रे पिसाळते! आईचे दूध कमी पडले तर पिल्लाला चार महिन्यांचे होईपर्यंत शेळीचे दूध द्यावे, असाही त्याचा सल्ला आहे. पिसाळण्याची कल्पना अर्थात चुकीची. पण धान्य, दूध आणि फोडलेले हाड हे त्रिकूट पाहा. रोमन मेंढपाळाला कॅल्शियम हा शब्द ठाऊक नव्हता, पण तो कुत्र्याच्या पोटात जात होता.

शहरात आलेल्या कुत्र्याचे हे त्रिकूट सुटले. १८६०च्या सुमारास जेम्स स्प्रॅट हा अमेरिकी माणूस लंडनला आला. त्याचा मूळ धंदा इमारतींवरच्या वीजरोधक सळ्या विकण्याचा. त्याने गव्हाचे पीठ, भाज्या, बीट आणि सुकवलेले मांस यांची कुत्र्यांसाठी बिस्किटे काढली आणि तयार श्वानखाद्याचा उद्योग तेथून उभा राहिला. कुत्र्याची वाटी मालकाच्या स्वयंपाकघरातून कारखान्याकडे सरकली. त्या खाद्यात काय असायला हवे, हे मात्र शास्त्रीय अर्थाने अजून कोणालाच सांगता येत नव्हते.

पहिली खूण कुत्र्याकडून न येता सिंहाकडून आली. १८८९च्या सुमारास लंडनच्या प्राणिसंग्रहालयातले सिंहाचे छावे एकामागून एक मुडदुसाने दगावत होते. त्यांना मुख्यतः म्हाताऱ्या घोड्यांचे चरबीविरहित मांस मिळे. घोड्याचे हाड छाव्याच्या दातांना फुटणारे नव्हते. जॉन ब्लँड-सटन या शल्यविशारदाने त्या अन्नात कुटलेली हाडे, दूध आणि कॉड माशाच्या यकृताचे तेल घालायला सांगितले. तीन महिन्यांत छाव्यांची लक्षणे नाहीशी झाली.

हा प्रसंग मला फार महत्त्वाचा वाटतो, कारण ‘मांसाहारी प्राण्याला निव्वळ मांस पुरेसे’ हा समज आजही जोरात आहे. नुसत्या मांसात फॉस्फरस भरपूर आणि कॅल्शियम नगण्य असते. प्रमाण साधारण १५ ते २० भागांस १. रानातला सिंह शिकारीची लहान हाडे, यकृत, आतडी सगळे खातो. कसायाकडचा स्वच्छ तुकडा म्हणजे शिकार नव्हे.

तरीही वैद्यकविश्वाने या छाव्यांकडून धडा घेतला नाही. यकृताचे तेल उत्तर युरोपातले कोळी लोक पिढ्यान्‌पिढ्या वापरत होते, काही डॉक्टरही देत होते. पण ‘घरगुती उपाय’ हा शिक्का बसला की विद्वान दुसरीकडे पाहू लागतात. १९०८ साली ग्लासगोच्या लेनर्ड फिंडले यांनी पिल्लांवरच प्रयोग करून उलट दिशा दाखवली. कोंडून ठेवलेल्या पिल्लांना मुडदूस झाला, मोकळ्या पिल्लांना झाला नाही. तेव्हा कारण अन्न नसून कोंडवाडा, व्यायामाचा आणि मोकळ्या हवेचा अभाव, असा त्यांचा निष्कर्ष. ग्लासगोचे वैद्य या मताभोवती एकवटले. मोकळे सोडलेले पिल्लू बाहेर हुंगत हुंगत काय काय पोटात घालते, याचा हिशेब कोण ठेवणार, हा प्रश्न मात्र उरलाच.

येथे एडवर्ड मेलनबी यांचा प्रवेश होतो. लंडनच्या किंग्ज कॉलेज फॉर विमेनमध्ये ते शरीरशास्त्राचे प्राध्यापक होते. केंब्रिजला ते फ्रेडरिक गोलंड हॉपकिन्स यांचे विद्यार्थी. आणि प्रथिने, पिष्ट, स्निग्धांश, क्षार यांपलीकडे अन्नात काही सूक्ष्म ‘पूरक घटक’ असतात, हे हॉपकिन्स यांनी १९१२ साली दाखवले होते. १९१४ साली ब्रिटनच्या वैद्यकीय संशोधन समितीने मेलनबी यांच्याकडे मुडदुसाचे काम सोपवले.

मेलनबी यांची हातोटी साध्या विचारात होती. गरीब ब्रिटिश मूल जे खाते तेच पिल्लाला द्यायचे: पाव किंवा ओटची लापशी, आणि जेमतेम दूध. पिल्ले साधारण ५ ते ८ आठवड्यांची. अपेक्षेप्रमाणे मुडदूस झाला. मग खरा शोध सुरू झाला. काही आहारांत त्यांनी यीस्ट घातले, म्हणजे ‘ब’ गटाच्या जीवनसत्त्वांची उणीव राहणार नाही. संत्र्याचा रस घातला, म्हणजे स्कर्व्हीचा संशय नको. बाकी सर्व कायम ठेवून फक्त स्निग्ध पदार्थ बदलत गेले. जवसाच्या तेलावरच्या पिल्लांना मुडदूस. लोण्यावर बराच बचाव. कॉड माशाच्या यकृताच्या तेलावर तर रोगाचा मागमूस नाही. क्ष-किरण चित्रे, हाडांतल्या कॅल्शियमचे मोजमाप आणि सूक्ष्मदर्शकाखालची तपासणी, तिन्ही साक्षी एकच सांगत होत्या. मार्च १९१९ मध्ये ‘लॅन्सेट’मध्ये हे निष्कर्ष आले, आणि १९२१ साली त्यांचा सविस्तर अहवाल निघाला.

दोन बारकावे विसरू नयेत असे आहेत.

पहिला: सर्वांत झपाट्याने वाढणाऱ्या पिल्लाला मुडदूस सर्वांत तीव्र होई. खुरटलेले, अर्धपोटी पिल्लू कित्येकदा सुटे, कारण त्याची हाडे वाढतच नसत. न बांधलेल्या घराला विटा कमी कशा पडतील? बाळसे दिसले की पोषण झाले असे मानणाऱ्या जगाला हा मोठा धक्का होता.

दुसरा: धान्य हे केवळ निरुपद्रवी भरताड नव्हते. पाव वाढला की रोग वाढे, आणि ओट तर पावाहूनही वाईट ठरे. ओट हे स्कॉटलंडचे अभिमानाचे अन्न. तेव्हा हा निष्कर्ष तिकडे किती गोड लागला असेल, याची कल्पना करावी. धान्याच्या कोंड्यातले फायटिक आम्ल आतड्यात कॅल्शियमला जखडून ठेवते, असे त्याचे स्पष्टीकरण पुढे मिळाले. त्याचा परिणाम थेट सरकारी धोरणावर झाला. दुसऱ्या महायुद्धात ब्रिटनने कोंड्याचा अधिक अंश असलेला पाव सक्तीचा केला, तेव्हा मुलांच्या हाडांचा विचार करून पिठात खडूची भुकटी, म्हणजे कॅल्शियम कार्बोनेट, मिसळण्यात आली. ब्रिटनच्या पांढऱ्या पिठात कॅल्शियम घालण्याची कायदेशीर सक्ती तेव्हापासूनची आहे.

मेलनबी यांच्या पत्नी मे मेलनबी यांचा उल्लेख पुष्कळ पुस्तकांत अर्ध्या ओळीत आटोपतो. त्या स्वतः शरीरशास्त्रज्ञ होत्या. त्यांनी याच पिल्लांच्या दातांचा अभ्यास केला आणि १९१८ साली प्रसिद्ध केला: ज्या आहाराने हाड बिघडते त्याच आहाराने दातही उशिरा, वेडेवाकडे आणि कच्च्या आवरणाचे येतात. दंतवैद्यकात आहाराचा विचार रुजवण्यात या बाईंचा मोठा वाटा आहे.

आता न टाळता येणारा प्रश्न. ही पिल्ले मुद्दाम आजारी पाडली गेली होती.

हे लंडनमध्ये घडत होते, आणि लंडनला या प्रश्नाची जखम ताजी होती. १९०३ साली एका वैद्यकीय वर्गात तपकिरी कुत्र्यावर केलेल्या प्रात्यक्षिकावरून खटला झाला होता. त्या कुत्र्याच्या स्मरणार्थ १९०६ साली बॅटरसीत पुतळा उभारला गेला, १९०७ साली पुतळ्याविरुद्ध वैद्यकीय विद्यार्थ्यांनी दंगे केले, आणि १९१० साली पुतळा रातोरात हलवला गेला. मेलनबी यांचा लेख आला त्याच १९१९ साली कुत्र्यांवरील प्रयोगांना बंदी घालू पाहणारे विधेयक ब्रिटिश संसदेपुढे होते. ते संमत झाले नाही. इतिहास वाचताना एका पारड्यात लाखो मुलांचे सरळ पाय ठेवून दुसरे पारडे रिकामे असल्याचे भासवणे मला प्रामाणिक वाटत नाही. त्या पिल्लांची नावे कोणी नोंदवली नाहीत. निदान ती होती एवढे तरी नोंदवले पाहिजे.

मेलनबी यांचा एक अंदाज चुकला. रोग टाळणारा घटक म्हणजे तेव्हा नुकतेच कळलेले ‘अ’ जीवनसत्त्व असावे, असे त्यांना वाटले. अमेरिकेत बाल्टिमोरला एल्मर मॅक्कॉलम यांनी १९२२ साली यकृताचे तेल तापवले आणि त्यातून हवा खेळवली. त्यातला ‘अ’चा गुण नष्ट झाला, डोळ्यांचा रोग बरा होईना; पण मुडदूस मात्र त्याच तेलाने बरा होत राहिला. म्हणजे घटक वेगळा होता. अ, ब, क ही अक्षरे संपली होती. त्याच्या वाट्याला ‘ड’ आले.

दरम्यान सूर्यवाद्यांनी आपली बाजू भक्कम केली होती. बर्लिनमध्ये कुर्ट हुल्डशिन्स्की यांनी १९१९ साली मुडदूस झालेल्या मुलांवर अतिनील दिव्याचा प्रकाश टाकून त्यांना बरे केले. एकाच हातावर प्रकाश टाकला तरी दोन्ही हातांची हाडे सुधारतात, असे त्यांना दिसले. म्हणजे त्वचेत तयार होणारे काहीतरी रक्तातून सर्वत्र पोहोचत होते. युद्धाने उपाशी झालेल्या व्हिएन्नात हॅरिएट चिक आणि त्यांच्या सहकारी स्त्री-संशोधकांनी १९१९ ते १९२२ या काळात बालकांवर काटेकोर निरीक्षणे करून सांगितले की यकृताचे तेल आणि ऊन, दोन्ही गुणकारी आहेत. दोन्ही पक्ष बरोबर होते!

आणि याच सुमारास नाशिकची साक्ष येते. तेथे काम करणाऱ्या हचिसन आणि शहा या डॉक्टरांनी १९२२ साली मुडदुसाच्या कारणांवर एक दीर्घ निबंध प्रसिद्ध केला. त्यांना दिसलेले चित्र युरोपातल्या समजुतीच्या नेमके उलटे होते. गरिबांची, दूध-लोणी क्वचितच पाहणारी, दिवसभर शेतात-रस्त्यावर उन्हात असणारी मुले मुडदुसापासून जवळजवळ मुक्त; आणि खाऊनपिऊन सुखी, पण पडद्याची चाल असलेल्या घरांत आईबरोबर आत कोंडलेली तान्ही मुले रोगाने वाकलेली. नाशिकचे ऊन तेच. ते कोणाच्या अंगावर पडते, एवढाच फरक. युरोपात चाललेल्या वादात महाराष्ट्रातल्या एका गावाने टाकलेले हे वजन आपल्याकडे फारसे कोणाला माहीत नाही, याचे मला नेहमी आश्चर्य वाटते.

पण मग मेलनबी यांना आहाराचे उत्तर इतके स्वच्छ कसे मिळाले? ‘नशीब, त्यांची पिल्ले घरातच होती, उन्हात असती तर प्रयोग फसला असता,’ असे पुष्कळ ठिकाणी लिहिलेले सापडते. १९९४ साली नेदरलँड्समधल्या उट्रेख्टच्या संशोधकांनी दाखवून दिले की कुत्रा आणि मांजर यांच्या त्वचेत उन्हाने ‘ड’ जीवनसत्त्व तयार होण्याचे प्रमाण फारच अपुरे असते. माणसाला ते बऱ्याच अंशी उन्हातून मिळते. कुत्र्याला ते खावेच लागते. उंदीर निवडला असता तरी घोटाळा झाला असता, कारण कॅल्शियम-फॉस्फरसचा तोल ठीक असेल तर उंदराला या जीवनसत्त्वावाचून सहसा मुडदूस होत नाही. मेलनबी यांनी नकळत असा प्राणी निवडला होता, ज्याचे भवितव्य जवळजवळ संपूर्णपणे वाटीत ठरते.

विज्ञानाने पिल्लाकडून जे घेतले ते पिल्लाला परत केले का? केले, पण प्रमाणाबाहेर. कॅल्शियम आणि ‘ड’ हाडांना चांगले हे कळताच भुकट्या, गोळ्या, तेले यांचा मारा सुरू झाला. विशेषतः ग्रेट डेनसारख्या दांडग्या जातींच्या पिल्लांवर. १९७४ साली अमेरिकेतल्या कॉर्नेल विद्यापीठात हेडहॅमर आणि सहकाऱ्यांनी ग्रेट डेन पिल्लांचा एक गट मनसोक्त खाऊ दिला, दुसऱ्याला त्याच्या दोन-तृतीयांश अन्न दिले. मनसोक्त खाणारी पिल्ले भराभर मोठी झाली आणि त्यांचेच सांगाडे बिघडले. १९८५ साली हेझविंकेल यांनी उट्रेख्टला कॅल्शियमची बाजू तपासली: १.१ टक्के कॅल्शियमचा आहार घेणाऱ्या पिल्लांची हाडे ठीक, ३.३ टक्केवाल्यांची विकृत. लहान पिल्लाच्या आतड्याला जादा कॅल्शियम पुरेसे रोखता येत नाही, जेवढे येईल त्यातले पुष्कळसे आत जाते. म्हणून अमेरिकेत मोठ्या जातींच्या वाढत्या पिल्लांच्या खाद्यात कॅल्शियमची कमाल मर्यादा शुष्क भागाच्या १.८ टक्के ठेवलेली आहे, आणि कॅल्शियम-फॉस्फरसचे प्रमाण १:१ ते २:१ यांच्या दरम्यान असावे लागते.

आता आपल्या घरात या. नवे पिल्लू आले की आजी प्रेमाने दूध-पोळी कुस्करून वाटीत घालते. धाग्याच्या आरंभीची वाटी आठवते ना? दूध आणि गव्हाचा पदार्थ: मेलनबी यांच्या रोगकारक आहाराचा हा सख्खा भाऊ. पोळीचे पीठ आंबवलेले नसल्याने त्यातले फायटिक आम्ल पावापेक्षा अधिक टिकते. १९६० आणि १९७०च्या दशकांत ब्रिटनमधल्या दक्षिण आशियाई कुटुंबांत मुडदूस दिसू लागला, तेव्हा संशोधकांनी चपातीकडे बोट दाखवले होते ते यामुळेच. पोळी विष नाही. पण वाढत्या पिल्लाचे ते सगळे जेवण होऊ शकत नाही. त्याच्या वाटीत अंडे, मांस वा मासळी, थोडे यकृत आणि कॅल्शियमचा मोजका आधार हवा. किंवा पिल्लांच्या वाढीसाठीच बनवलेले पूर्ण खाद्य हवे. असे पूर्ण खाद्य देत असाल तर वरून कॅल्शियमची गोळी नको. किती द्यायचे ते पशुवैद्य पिल्लाचे वजन आणि जात पाहून सांगतील.

आणि सकाळी गच्चीवर उन्हात पाय ताणून पसरलेले ते पिल्लू? त्याला ऊब मिळते, झोप मिळते. हाडांसाठी मात्र ते उठून वाटीकडेच येते.